उजव्या हाताचा तिसरा दगड

कोल्हापूरला लोक अंबाबाईसाठी जातात, चपलांसाठी जातात, रश्शासाठी जातात. मी गेले ती एका म्हाताऱ्या माणसाला, तुमची आठवण चुकते आहे, हे जरा गोडीगुलाबीनं सांगायला. हे काम आपल्याला छान जमेल अशी माझी खात्री होती. आमच्या घरी मला फूटपट्टी म्हणतात ते काही उगाच नाही.

त्याचं असं झालं. लग्नाआधी दोन वर्षं मी पुण्यात एका खासगी आर्किटेक्टच्या ऑफिसात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो शाईनं गिरवणारा माणूस. कॉम्प्युटर यायच्या आधी सगळ्या इमारती अशा आमच्या हाताखालून जायच्या. चूक झाली तर दाढीच्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची, कागदाला भोक पडू द्यायचं नाही. माझ्या कागदाला कधी भोक पडलं नाही, आणि साठी उलटली तरी त्याचा मला गर्व आहे. पुढे लग्न होऊन मी अमरावतीला आले, ते ऑफिस बंद पडलं आणि माझी पेनं बिस्किटांच्या डब्यात गेली.

गेल्या दिवाळीनंतर एका मुलीचा फोन आला. कु. वासंती हिवसे तुम्हीच का, असं तिनं विचारलं. माझं माहेरचं नाव इतक्या वर्षांत कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळे हो म्हणायला मला अंमळ वेळच लागला. मुलीचं नाव सुजाता कांबळे. कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. कोल्हापूर संस्थान होतं तेव्हा ज्या कचेरीतून राज्याचा कारभार चालायचा, अशा एका जुन्या इमारतीचा ती अभ्यास करत होती. पस्तीस वर्षांपूर्वी तिथे डागडुजी झाली, तेव्हाचे नकाशे तिला मिळाले होते. त्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव होतं. ते ऑफिस ओळखणाऱ्या तिच्या एका सरांनी माझा पत्ता शोधून काढला होता.

अडचण तिच्या आजोबांची होती. त्या डागडुजीत दगडाचं काम त्यांनी केलं होतं. कचेरीच्या चौकातल्या कमानीचा एक दगड तडकला होता. तो काढून तसाच नवा घडवून बसवायचा होता. आजोबा म्हणायचे, चौकात उभं राहून कमानीकडे तोंड केलं की उजव्या हाताचा, खालून तिसरा. नकाशा म्हणायचा, डावीकडचा, खालून तिसरा. दहाएक वर्षांपूर्वी इमारतीची नोंद करायला आलेल्या कुणी तज्ज्ञांनी आजोबांना बोलावून नेलं होतं. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. तज्ज्ञांनी नकाशा उघडला, काका आता वय झालं म्हणून हसले आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. नोंदीत कारागिराच्या नावापुढे 'माहिती नाही' असं लिहिलं गेलं. आजोबा त्यानंतर त्या इमारतीकडे फिरकले नाहीत.

"आजी होती तोवर म्हणायची, कागदच खोटं बोलतोय," सुजातानं सांगितलं. "आता आजी नाही. आता आबा स्वतःच म्हणतात, मीच चुकलो असेन."

तिच्या प्रबंधात कारागिरांचा एक तक्ता होता. आजोबांचं नाव त्यात यावं हीच तिची सगळी धडपड. पण सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नकाशा आणि माणूस एकच बोलले तरच नाव घालायचं. म्हणून तुम्ही एकदा येऊन पाहा, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, पोरीला कुणीतरी वडीलधाऱ्यानं समजावून सांगायला हवं. आणि त्या आबांनाही. नवऱ्यानं स्टेशनवर सोडताना एवढंच सांगितलं, की त्या माणसाला पट्टीनं मारू नकोस.

सोमवार : भवानी मंडप

सुजाता घ्यायला आली ती स्कूटीवर. लहानखुरी, मोठ्या आवाजाची, हेल्मेटमधूनही सगळं ऐकू येईल अशी बोलणारी. पहिल्या दहा मिनिटांत मी मॅडमची मावशी झाले. तिनं मला आधी मिसळीला नेलं. आमच्याकडे पोह्यांवर तर्री घेतात, म्हणून मी ऐटीत जादा कट मागितला. पहिल्याच घासाला ठसका लागला. तिथल्या मालकांनी न मागता दह्याची वाटी पुढे सरकवली आणि पावण्यांनी जरा दमानं घ्यावं म्हणाले. मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे जाड तुकडे. सुरुवातीला मला ते लबाडीचं वाटलं, पण कट शोषून घ्यायला तोच बरा हे तिसऱ्या तुकड्याला पटलं.

मग नगारखाना. जुन्या राजवाड्यात शिरायची ती वेस. काळ्या दगडाचे मजल्यावर मजले चढत गेलेले, आणि वर सज्जे इतके नाजूक, की दगडाचे आहेत हे डोळ्यांना पुन्हा सांगावं लागतं. दगड जोतिबाच्या डोंगराकडून आणला असं सांगतात. तो कसा आणला असेल याचा विचार करत मी मान वर करून उभी होते आणि माझ्या पायाशी रिक्षा, फुगेवाले, शाळेची मुलं आणि एक निवांत म्हैस अशी वर्दळ चालू होती. आत भवानी मंडप, भवानीचं देऊळ, जिथे कधी दरबार भरायचा त्या जागा. आता त्याच भिंतींमध्ये लोक मोबाईलवर बोलत उभे राहतात. मला ते आवडलं. राजवाडा म्हटलं की आपण चपला काढाव्या की काय असं होतं, इथे मात्र लोक घरातून गेल्यासारखे आरपार जात होते.

दुपारी नवा राजवाडा पाहिला. अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ, घोटून गुळगुळीत केलेला काळा दगड. इंग्रज इंजिनिअरनं बांधला, पण कमान कुठली, घुमटी कुठली, छज्जा कुठला, सगळं त्यानं इकडचं-तिकडचं गोळा करून आणलेलं. गुजरात, राजस्थान, थोडी इथली वाड्यांची ढब. असं कडबोळं एरवी बिघडतं, इथे ते जमलं आहे. सुजाता सांगत होती की दगड फोडणारे, घडवणारे, वाहणारे हजारो हात असणार, पण पाटीवर फक्त राजाचं आणि इंजिनिअरचं नाव. ती हे रागानं नाही, हळू आवाजात म्हणाली. दिवसभरात तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

मला आमचं नागपूर आठवलं. एकेकाळची राजधानी. राज्यं बदलली, राजधानी मुंबईला गेली. आता वर्षातून एकदा हिवाळ्यात अधिवेशन येतं, रस्ते झाडले जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सगळं शांत. कोल्हापूरचं संस्थान तर विलीनच झालं. राजधानीपण गेलेल्या गावात इमारती तेवढ्या मागे राहतात, आणि गावाला त्यांची सवय होते. पण कोल्हापूरला त्याचं दुःख दिसलं नाही. आम्ही विदर्भातले लोक गेलेल्या गोष्टीबद्दल फार वेळ कुरकुरतो. इथले लोक संध्याकाळी दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध उभ्यानं पितात आणि घरी जातात. मीही एक मोठा ग्लास प्यायले. माझ्या पोटानं रात्रभर त्याची नोंद ठेवली.

मंगळवार : हातकणंगल्याकडे

आबा हातकणंगल्याच्या अलीकडे एका छोट्या गावात राहतात. वाटेत उसाच्या गाड्या, आणि एका गुऱ्हाळावर सुजातानं स्कूटी थांबवली. काहिलीतला गरम गूळ त्यांनी उसाच्या चिपाडावर दिला. तो खाताना माझी जीभ भाजली, ओढणी चिकटली, आणि तरीही मी दुसऱ्यांदा मागितला.

घरात शिरताच सुजातानं जयभीम केलं, मीही केलं. आमच्या अमरावतीला हा शब्द गल्लोगल्ली ऐकू येतो, त्यामुळे एवढ्या लांब येऊन शेजारी गेल्यासारखं वाटलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आजींचा, शेवंताबाईंचा, फोटो. आबा ओसरीत खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगानं वाळलेले, पण मनगटं अजून रुंद. त्यांनी मला आलासा का, बसा की, असं म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला तो अमरावतीकडे दगड कुठला लागतो. मी म्हटलं, काळाच. त्यांना बरं वाटलं.

जेवायला तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. सुजाताच्या आईनं माझं मिसळीचं प्रकरण आधीच ऐकलं होतं, त्यामुळे पांढरा रस्सा माझ्या वाटीत दोनदा आणि तांबडा फक्त चवीपुरता आला. आबा डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलत होते, डाव्या हातानंच भाकरी मोडत होते. सुजाता म्हणाली, आबा पहिल्यापासून डावखुरे. लहानपणी वडिलांनी हातावर मारून पाहिलं, उपयोग झाला नाही.

जेवण झाल्यावर मी माझं काम काढलं. नकाशाची प्रत उलगडून त्यांच्यापुढे ठेवली. मी त्यांना सांगितलं, की कमान दोन्ही बाजूंनी सारखीच असते, इतक्या वर्षांनी डावं-उजवं कुणाचंही चुकतं, त्यात कमीपणा काही नाही. कागद तेव्हाच्या तेव्हा काढलेला असतो, त्याला वय होत नाही. हे वाक्य मी गाडीतच तयार केलं होतं आणि मला ते फार छान वाटलं होतं.

आबांनी नकाशा हातात घेतला नाही. गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कागदावर तसं हाय म्हंजी तसंच आसंल की. म्या आता कुनाला सांगत न्हाय. सांगायला गेलो की मलाच वाटतं, ह्यो दगड म्या बशिवलाय का न्हाय?"

सुजाता उठून आत गेली. मी नकाशाची घडी घातली. जे काम करायला आले होते ते झालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. आबांच्या त्या बोलण्यात राग असता तर मी वाद घातला असता, कारण वाद मला जमतो. पण त्यांनी माझं ऐकलं होतं. आपल्या हातांपेक्षा माझ्या शाईवर विश्वास ठेवायला ते केव्हाच तयार झाले होते, आणि मी त्यावर शिक्का मारायला साडेआठशे मैल लांबून आल्यासारखी तिथे बसले होते. अंतर एवढं नाही, पण त्या दुपारी तेवढं वाटलं.

निघताना मीच म्हटलं, उद्या आपण तिघंही कचेरीत जाऊ. आबा नको म्हणाले. सुजाताच्या आईनं त्यांचं धुतलेलं धोतर आणि कोट काढून खाटेवर ठेवला आणि ती निघून गेली. मग ते हो म्हणाले.

बुधवार : जुनी कचेरी

इमारतीचं नाव मी लिहीत नाही. आत जायला तीन ठिकाणी सह्या घ्याव्या लागल्या. नाव लिहिलं तर चौथी लागेल.

बाहेरून ती फार दिमाखदार नाही. रस्त्याच्या बाजूला साधी दगडी भिंत आणि बुटका दरवाजा. गंमत आत गेल्यावर आहे. दरवाजातून चौकात आलं की एकदम आभाळ दिसतं. चौकाच्या तीन बाजूंना सागवानी खांबांची ओसरी, आणि चौथ्या बाजूला ती कमान. तिच्यातून जिना वर दरबाराच्या दालनात जातो. गावोगावची माणसं अर्ज घेऊन यायची ती या चौकात बसायची, हाक आली की कमानीखालून वर जायची. म्हणून कमान उंच नाही. घोड्यासाठी, हत्तीसाठी नव्हे, चालत येणाऱ्या माणसाच्या मापाची आहे. तिच्या आतल्या कडा माणसांचे खांदे घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. राज्य कुणाचंही असो, आपलं गाऱ्हाणं घेऊन आत जाताना माणूस भिंतीला हात लावतोच, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं.

आबा दरवाजातच थांबले होते. सुजाता त्यांचा हात धरून त्यांना चौकाच्या मध्यावर घेऊन आली. मी नकाशा उघडला. चौकात रंगकामाची तयारी चालू होती. भिंतींवर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर साचलेले, फक्त कमानीचा दगड तेवढा उघडा. मी डावीकडचा खालून तिसरा दगड नीट पाहिला. काही कळेना. उजवीकडचा पाहिला. तोही तसाच. काम इतकं चोख झालं होतं की जुना कुठला नि नवा कुठला हे सांगायची सोय नव्हती.

नकाशात कमानीच्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर, एक छोटी दिवळी दाखवलेली होती. पूर्वी दिवा ठेवायची तसली. प्रत्यक्षात तिथे सपाट भिंत होती. दिवळी बुजवून टाकली असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं.

तेवढ्यात रंगाऱ्यांनी कमानीच्या उजवीकडचा सूचनाफलक खाली घेतला. दोघांनी मिळून उचलावा लागला एवढा मोठा, लाकडी, जाळीचा. त्यामागे धूळ, कोळ्याची जाळी, कधीतरी पडलेल्या टाचण्या, आणि त्यांच्या मधोमध एक दिवळी. आतून काजळीनं काळी झालेली.

मी दिवळीकडे पाहिलं. मग नकाशाकडे. मग मी नकाशा उलटा केला आणि त्याची पाठ आपल्याकडे करून उन्हावर धरला. पाठीमागून दिसणाऱ्या रेषांत दिवळी उजवीकडे आली. आणि रेघारेघांनी दाखवलेला तो नवा दगडही उजवीकडे आला. खालून तिसरा.

जे झालं ते मला एका क्षणात समजलं, कारण ते आमच्या धंद्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणारच नाही. कोल्हापुरातून आलेला पेन्सिलीचा नकाशा पातळ बटर पेपरवर होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी रेषा सारख्याच दिसतात. मी तो पालथा ठेवून त्यावर ट्रेसिंग केलं होतं. कमान दोन्हीकडून सारखी, त्यामुळे संशयाला जागा नाही. अक्षरं वेगळ्या चिठ्ठीवर यायची, ती मी मागाहून सुवाच्य लिहिली. कागदाला भोक पडलं नाही. सगळं देखणं आणि सगळं उलटं. हीच एक चूक ब्लेडनं खरवडता येत नाही, कारण ती दिसतच नाही.

खरं सांगते, एक क्षण मी गप्प राहायचा विचार केला. सुजाता आबांना पाणी देत होती. रंगारी फलक टेकवून ठेवत होते. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. नकाशाची घडी घालून मी म्हटलं असतं, काही सांगता येत नाही, तर मला कुणी काही विचारलं नसतं. मी अमरावतीला परत आले असते आणि माझा गर्व माझ्यापाशी राहिला असता. मग मी आबांकडे पाहिलं. ते कमानीकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते. अंगणात उभं राहून स्वतःच्या घरात जाता येऊ नये तसे ते खाली फरशीकडे पाहत होते.

मी त्यांच्याजवळ गेले आणि मला जेवढं सरळ सांगता आलं तेवढं सांगितलं. "आबा, चूक तुमची नाही. नकाशा मी उलटा गिरवला. तुमचा दगड उजव्या हाताचाच आहे."

त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते हळूहळू चालत कमानीपाशी गेले. सकाळचं ऊन चौकावरून तिरकं येत होतं आणि दगडांना आडवं घासून जात होतं. तशा उन्हात दगडावरचे टाकीचे घाव उठून दिसतात. मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, पण तिरक्या रेघा पुष्कळ मारल्या आहेत, म्हणून मला ते लगेच दिसलं. कमानीच्या प्रत्येक दगडाच्या दर्शनी बाजूवर घाव एकाच अंगाला कललेले होते. उजवीकडच्या, खालून तिसऱ्या दगडावर मात्र ते उलट्या अंगाला कललेले होते. डाव्या हातात हातोडा धरणाऱ्या माणसाचे घाव. मी सुजाताला बोलावून दाखवलं. तिनं पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून ती तिथेच पायरीवर बसली.

आबांना उन्हाची गरज लागली नाही. त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा फिरवला. पुन्हा फिरवला. खालच्या कडेला सांध्यात नख घालून पाहिलं. नख आत गेलं नाही. पस्तीस वर्षांनीही नाही.

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. मी त्यांना म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला दहा वर्षं स्वतःवर संशय घ्यावा लागला. आजींना हे ऐकायला मिळालं नाही. मला माफ करा म्हणायचं होतं, पण ते शब्द फार लहान वाटले म्हणून मी अर्ध्यावर थांबले.

आबा वळले. "आवो बाई, कागद चुकला तर दुसरा काडता यतो," ते म्हणाले. "दगड चुकला असता तर कमान बसली असती की खाली." आणि मग, "शेवंताला कशाला सांगाय लागतंय. तिला ठावंच व्हतं."

रंगाऱ्यांना काय झालं ते समजलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालं एवढं कळलं होतं. त्यांच्यातल्या एकानं चहा सांगितला. आम्ही चौकाच्या पायरीवर, जिथे कधी अर्जदार बसत असतील तिथे बसून तो प्यायलो. सुजातानं भराभर फोटो काढले, उन्हातले, सावलीतले, मोजपट्टी ठेवून. मी मूळ नकाशाच्या प्रतीवर, दिवळीशेजारी, पेनानं लिहिलं की हे चित्र उलटं गिरवलं गेलं आहे, उजवीकडचं डावीकडे आलं आहे, चूक अनुरेखकाची. खाली सही केली. माहेरच्याच नावानं केली, कारण चूक तिची होती.

मग सुजातानं बॅगेतून तो तक्ता काढला. दगडी काम, कमान, चौक, उजवी बाजू, खालून तिसरा. त्यापुढे कारागिराचा रकाना कोरा होता. इतके महिने ती ज्यासाठी धावत होती तो रकाना. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि आजोबांचं नाव लिहायला हात ठेवला.

"थांब," आबा म्हणाले. "दगूड काय एकट्यानं चडत न्हाय. चुना मळाय शेवंता व्हती. तिचं आदी लिव."

सुजातानं लिहिलं. शेवंता कांबळे. आबा कमानीकडे पाहत एकेक आठवून सांगू लागले. दोर धरायला इस्माईल. परांचीवर बसाप्पा, कागवाडकडचा, अर्धं कानडी बोलायचा, पण ओळंबा त्याच्यासारखा कुणी धरला नाही. पाडळीचा तुका, त्याच्या पायावर तोच जुना दगड पडला आणि तो पुढे जन्मभर लंगडला. यांतलं आता कुणी नाही, असं त्यांनी प्रत्येक नावानंतर सांगितलं नाही. ते त्यांच्या थांबण्यावरून कळत होतं.

रकाना छोटा होता. तो एकाच नावासाठी आखलेला होता. शेवंता आणि इस्माईल एवढ्यातच तो भरला, आणि सुजाता पेन धरून माझ्याकडे पाहू लागली. मी पर्समधून पट्टी काढली, तिच्या हातातून तक्ता घेतला आणि रकान्याखालची रेघ पुढे वाढवून आणखी तीन ओळी आखल्या. रेघा सरळ आल्या. बसाप्पा, तुका. आणि अगदी शेवटच्या ओळीत, आबांनी दोनदा नको म्हटल्यावर, गणपती कांबळे.